सर, तुम्ही बसवलेलं भाषण

सर,

गेले नऊ दिवस मी तुमच्याबद्दल चांगलंच बोलते आहे. फोनवर, रस्त्यात, अकोल्याच्या कोर्टात बार रूममध्ये, जो विचारेल त्याच्याशी. गावंडे सर म्हणजे देवमाणूस, गावंडे सर होते म्हणून आम्ही घडलो. आता माझी जीभ दमली. तुमची जन्मतारीख, नोकरीची वर्षं, कुठले कुठले पुरस्कार, हे सगळं शाळेनं दाराजवळच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहून काढलंय आणि वर हारही घातलाय. ते मला इथं पुन्हा लिहायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं आणि तुम्ही मधूनच उठून गेलात.

उठून गेलात असं आपलं म्हणायचं. शेवटचे चार महिने तुम्हाला कूससुद्धा काकू बदलून द्यायच्या, हे मला ठाऊक आहे.

तुम्हाला यातलं बरंचसं माहीत आहे. तरी पहिल्यापासून सांगते, कारण ही गोष्ट तुम्ही नेहमी मधूनच सुरू करायचात. ढाल मिळाली तिथून. त्याआधीचं तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत.

हिवरखेडवरून आत वळलं की आपलं गाव. पाचवी ते दहावीची शाळा, सहा खोल्या, आणि एक मैदान, ज्यावर प्रार्थना संपेपर्यंत आमचा हक्क आणि मग गावच्या गुरांचा. तुम्ही मराठीचे मास्तर. पण लेझीम तुम्हीच बसवायचात, कबड्डीची शिट्टी तुमच्याच गळ्यात, आणि विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेचा पाणचक्कीवर पेटणारा दिवा तुम्ही टेबलाखालून वायर दाबून धरली की पेटायचा. त्याला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला होता. परीक्षक गेले तसे तुम्ही टेबलाखालून बाहेर आलात आणि गुडघे झटकत म्हणालात, "पहिला आला असता, पण माह्या पायाले मुंग्या आल्या." आम्ही पोटं धरून हसलो. खोटेपणाची भीती तुम्ही आमच्या मनातून फार लवकर काढून टाकलीत.

आणि हे सगळं तुम्ही का करायचात तेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. दर उन्हाळ्यात पोरं शोधायला तुम्ही बाहेर पडायचात. पट भरला नाही तर तुकडी जाणार, तुकडी गेली तर दोन मास्तर जाणार, आणि मग एक दिवस शाळाच. इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या आपल्या फाट्यापर्यंत यायला लागल्या होत्या. तुमच्याकडे गाडी नव्हती. तुमच्याकडे काचेच्या कपाटातल्या ढाली होत्या. त्यातली एक स्कूटरला मागे सुतळीनं बांधून तुम्ही भर उन्हात या गावाहून त्या गावाला जायचात, लोकांच्या ओट्यावर ती ठेवायचात आणि म्हणायचात, हे पाहा, आमची पोरं काय काय करतात. लोक ढालीला हात लावून बघायचे. मग पोराचा दाखला द्यायचे.

मी सातवीत होते. वक्तृत्व स्पर्धेचा विषय आला, 'माझी आई'. तुम्ही मला मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बोलावलंत आणि हातात चार पानं दिलीत. तुमचं अक्षर टपोरं, प्रत्येक विरामाच्या जागी लाल शाईची उभी रेघ. मी वाचत गेले. दुसऱ्या पानावर माझी आई मेली होती.

"सर, माही आई तं हाये," मी म्हटलं.

"हाये तं राहू दे नं. मी कुठी तिले मारून राह्यलो? फक्त भाषणात नाहीये."

"पण ती चांदूर बाजारले राह्यते. मामाकडं."

तुम्ही चष्मा काढलात, धोतराच्या नाही, शर्टाच्या टोकानं पुसलात. धोतर तुम्ही फक्त सत्काराला नेसायचात. "अश्विने, आईक. मागच्या साली त्या तेल्हाऱ्याच्या पोरानं ढाल नेली. त्याचं भाषण काय लय चांगलं होतं? नाही. त्याचा बाप गेला होता. जिवंत आईवर कोणी ढाल देत नसते, पोरी."

हे वाक्य मी विसरले नाही. त्यात रागसुद्धा नव्हता. भाव सांगावा तसं तुम्ही ते सांगितलंत.

आई का गेली होती हे तुम्हाला माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं. बाबांचा हात चालायचा आणि एके दिवशी ती माहेरी गेली ती परत आली नाही. मी तेव्हा पाचवीत होते. तिला मला नेऊ दिलं नाही. घरी आत्यानं सांगून ठेवलं होतं की आपल्यासाठी ती मेली. त्यामुळे तुमचं भाषण मी घरी पाठ करायला लागले तेव्हा कुणालाच काही खटकलं नाही. बाबा खाटेवर बसून ऐकायचे. आत्या तर म्हणाली, "मास्तरनं बराबर लिहिलं. खोटं काय हाये त्यात?" आपल्या भाषणावर ज्यांनी सगळ्यात आधी मान डोलावली ते हे दोघं. तुम्हाला पहिले श्रोते कोण लाभले ते आज सांगून टाकते.

शाळेमागच्या लिंबाखाली आपली तालीम. "आई, तू गेलीस आणि आमच्या अंगणातली तुळससुद्धा बोलायची थांबली." इथे रेघ. मनात तीन मोजायचे, मान खाली, मग अगदी हळू, "आई गं." आमच्या अंगणात तुळस नव्हती. शेजाऱ्याची म्हैस बांधलेली असायची. तेही मी तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही म्हणालात की म्हशीवर कोणी रडत नाही.

सगळं जमायचं, पण पाणी येत नव्हतं डोळ्यांत. चार दिवस तुम्ही खटाटोप केलात. आईला आठव, म्हणालात. मी आठवलं, तर आई मला हसताना दिसायची. तोंडात मिसरी, एक पाय लांब केलेला, आणि कुणाची तरी नक्कल करतेय. मला हसूच फुटायचं. पाचव्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि अगदी प्रेमानं म्हणालात, "बाई, ती तुले सोडून गेली. तुले संगं नेलं नाही. ते आठव."

त्या दिवशी आलं. नंतर प्रत्येक वेळी आलं, बरोबर रेघेवर.

सर, याबद्दल मी तुम्हाला कधी काहीच बोलले नाही. मला वाटायचं तुम्हाला कळलंच नसेल तुम्ही काय केलंत. आता वाटतं, तुम्हाला नक्की कळलं होतं. चांगल्या मास्तराला पोरांचं दुखतं कुठं हे कळतंच. फक्त तिथे हात ठेवायचा की बोट घालायचं एवढाच प्रश्न असतो, आणि त्या वर्षी तुम्हाला ढाल हवी होती.

तेल्हाऱ्याला पहिली आले. अकोल्याला पहिली आले. तिथे एका परीक्षक बाईंनी मला पोटाशी धरलं आणि त्यांच्या साडीच्या पिनेनं माझा गाल खरचटला. मग विभागाची फेरी, अमरावतीला. पहाटेची येष्टी, अकोटला गाडी बदलली, तुम्ही वाटेत मला एकही आलूबोंडा खाऊ दिला नाहीत, आवाज बसेल म्हणून. सभागृह एवढं मोठं मी पहिल्यांदा बघत होते. तुम्ही चौथ्या रांगेत कडेला बसलात. मी बोलले. त्या दिवसासारखं मी पुन्हा कधीच बोलले नाही, उच्च न्यायालयातसुद्धा नाही. तुळस बोलायची थांबली, मी तीन मोजले, आणि त्या सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले.

ढाल आपल्याला मिळाली. परतताना ती तुमच्या मांडीवर होती. अंधार पडायला लागला तसे तुम्ही खिडकीकडे तोंड करून रडलात. मला वाटलं माझ्या भाषणानं. तुम्ही म्हणालात, "आठवीची तुकडी वाचली व, अश्विनी." खरंच वाचली. त्या उन्हाळ्यात माझी ढाल स्कूटरला बांधून तुम्ही किती गावं फिरलात कोण जाणे, पण जूनमध्ये आठवीच्या बाकांवर जागा कमी पडली. माझ्या आईला मारून एक वर्ग जगला, असं मी पुढे कितीतरी वर्षं अभिमानानं मनात म्हणत असे. लहान होते, दुसरं काय.

आणि हेही खरं की तुम्ही मला आवाज दिलात. आमच्या घरात बाईनं मोठ्यानं बोललं की ताट फेकलं जायचं. तुम्ही मला लिंबाखाली उभं करून म्हणायचात, अजून मोठ्यानं, त्या म्हशीले आयकू गेलं पायजे. बारावीनंतर बाबा माझं लग्न ठरवायला निघाले तेव्हा तुम्हीच तीच ढाल घेऊन आमच्या घरी आलात. ओट्यावर ठेवलीत आणि बाबांना म्हणालात, "इच्यासाठी मांडव टाकू नका, काळा कोट शिवा." अमरावतीच्या लॉ कॉलेजचा फॉर्म तुम्ही भरलात. होस्टेलला सोडायला तुम्ही आलात. आज मी पोटगीच्या केसेस लढते. साक्षीला उभ्या राहणाऱ्या बायांना सांगते, घाबरायचं नाही, मोठ्यानं बोलायचं, रडू आलं तर थोपवायचं नाही. ही सगळी तुमची विद्या. मी नाकारत नाही. तुमच्याशिवाय मी कुणाच्या तरी चुलीपुढे बसून गप्प राहायला शिकले असते. ह्याबद्दल तुमचे पाय धरावेसे वाटतात, आणि पाय धरताना तुमच्या पायाला चावावंसंही वाटतं.

अमरावतीहून चांदूर बाजार जवळ. मी रविवारी आईकडे जायला लागले. सात-आठ वर्षांत एकदाही न भेटलेली आई. पहिले काही रविवार आम्ही पाहुण्यांसारख्या बसायचो. ती अंगणवाडीत मदतनीस होती, पोरांची नाकं पुसायची सवय लागलेली, तर माझंही पुसायला जायची आणि मग हात मागे घ्यायची. एका दुपारी ती सुपात तुरीची डाळ निवडत होती आणि मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन पडले होते. ती एकदम हसली.

"तुहं भाषण आयकलं होतं मी," ती म्हणाली. "अमरावतीचं."

मी उठून बसले.

"मांगच्या रांगेत होती. मास्तरचा फोन आला होता वाण्याच्या दुकानात. म्हणे, पोरगी भाषणाले येऊन राह्यली, या पाहाले. मी सुट्टी टाकली. तुह्यासाठी गुळाच्या दशम्या केल्या होत्या." खडा निघाला तो तिनं बाजूला टाकला. "तू उभी राह्यली. म्हटलं, कोणाबद्दल बोलून राह्यली ही? मंग समजलं, माह्याबद्दल."

मी पुस्तक मिटलं. ती मात्र मजेत होती, नक्कल करायच्या जुन्या सुरात. "बाजूले एक बाई होती. पदरानं डोये पुसे. मले म्हणे, काय नशीब हो, एवढुशी पोरगी, माय नाही तिले. मी म्हटलं, हो नं बाई."

"अन् बक्षिसाले थांबली नाहीस?"

"कशी थांबू? मेलेली बाई भेटाले येते काय?" आई पुन्हा हसली. "येष्टीत बसून एकटीनं खाल्ल्या दशम्या. चांगल्या झाल्या होत्या."

मी तिला विचारलं, मग त्यानंतर पाच वर्षं आली का नाहीस. तेव्हा तिचं हसू थांबलं. ती त्या दिवशी नुसती बघायला आली नव्हती. अंगणवाडीतली नोकरी पक्की झाली होती, मामानं एक खोली वेगळी काढून दिली होती. मला विचारायचं होतं तिला, येतेस का माझ्याजवळ. बाबांशी भांडायची तिची तयारी होती. पण मी माइकपुढे उभी राहून शेकडो लोकांना सांगितलं की आई मेली, आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. "मले वाटलं, तुलेच तसं पायजे," ती म्हणाली. "पोरीनं एवढं चांगलं रडून सांगितलं तं मी कावून मधात येऊ?"

आणि ती सूप झटकून उठली. ती पाच वर्षं मी बाबांच्या घरात काढली, सर. कशी काढली ते तुम्हाला नाही सांगणार. तुम्ही त्याचंही भाषण बसवाल अशी भीती मला अजून वाटते.

मला तुमच्या फोनचं खरं वाटेना. आईला मारणारा माणूस तिला बघायला कशाला बोलावेल? तुम्हाला विचारायला मला बरीच वर्षं लागली. तुम्ही रिटायर झालात, मी सनद घेऊन अकोल्याला बसले, आणि दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी प्रमुख पाहुणी म्हणून आले तेव्हा आपण ऑफिसात त्या काचेच्या कपाटापुढे उभे होतो. बाहेर पोरींचा नाच चालू होता. मी विचारलं, "सर, माझ्या आईला अमरावतीला तुम्ही बोलावलं होतं?"

तुमचा चेहरा एकदम उजळला. "मंग!" तुम्ही म्हणालात. "कोणाले सांगितलं नाही त्या वेळी. तुह्या बापाले समजलं असतं तं शाळेत येऊन टंगडं तोडलं असतं माहं. पण मले वाटलं, पोरीचं भाषण तिच्या आईनं पाहाले पायजे. मी तिले पाह्यलं होतं मांगं बसलेली. मंग दिसलीच नाही." आणि मग माझ्या अगदी जवळ येऊन, "काय म्हणे ती? कसं वाटलं तिले भाषण?"

तुम्ही खरंच विचारत होतात. तुमच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. इतकी वर्षं भाषणं बसवून बसवून तुम्हाला वाटायला लागलं होतं की ऐकणारा माणूस फक्त विराम ऐकतो, चढउतार ऐकतो. स्वतःच्या मरणाचं भाषण ऐकूनसुद्धा ती म्हणेल, वा, पोरीनं जागा चांगल्या घेतल्या.

"सर, ती जिवंत होती. ती तिथं बसली होती," मी म्हटलं.

"मंग काय झालं? नाटकात राजा मरते तं घरी त्याची बायको कुंकू पुसते काय? भाषण ते भाषण."

"तिला कुणी सांगितलं होतं की ते नाटक आहे?"

"समजत नाही काय माणसाले!" तुम्ही चिडलात. पहिल्यांदाच माझ्यावर चिडलात. "तू सांग, काय म्हणे ती?"

तेवढ्यात सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीनं माझं नाव घेतलं. मी मंचावर गेले आणि तुमच्यावर वीस मिनिटं बोलले. माझ्या यशाचे शिल्पकार, वगैरे. तुम्ही पहिल्या रांगेत धोतर नेसून बसला होतात. नंतर जेवणात, निरोप घेताना, गाडीच्या खिडकीशी, तुम्ही तीनदा विचारलंत. मी तीनदा दुसरंच काही बोलले. पुढे फोनवरही तुम्ही इकडचं तिकडचं बोलून शेवटी तिथेच यायचात. काय म्हणे तुही आई?

मागच्या वर्षी आई गेली. खरीखुरी. कावीळ पोटात उतरली आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. आपल्याकडे सरण रचून झालं की कुणीतरी दोन शब्द बोलतंच, तुम्हाला तर माहीतच आहे, तुम्ही किती जणांवर बोललात. मामा म्हणाला, पोरगी वकील आहे, तीच बोलेल. मी पुढे झाले. आईबद्दल मला सांगायचं होतं की ती नकला करायची. सूप कसं धरायची. मी तोंड उघडलं, सर, आणि बाहेर पडलं, "आई, तू गेलीस आणि आमच्या अंगणातली तुळससुद्धा बोलायची थांबली."

मी थांबले. मनात तीन मोजले. मोजायचे नव्हते, मोजले गेले. आणि बरोबर तिसऱ्याला पाणी आलं. लोक म्हणाले, किती बोलली, किती रडली. ते पाणी तिच्यासाठी होतं की तुमच्या लाल रेघेसाठी, मला आजही सांगता येत नाही. माझ्या आईच्या मरणाचे शब्द मी बाराव्या वर्षीच खर्च करून बसले होते, तिच्यासमोर, बक्षिसासाठी. त्या दिवशी मी घाटावरून परतताना ठरवलं की आता तुम्हाला सगळं सांगायचं.

पण आले नाही. तुम्ही समोर बसून उत्तर द्याल याची मला भीती होती. तुमच्याशी बोलण्यात मी कधी जिंकले नाही. तुम्ही पुन्हा राजा आणि त्याची बायको काढली असती आणि मी हसले असते.

मग तुम्हाला लकवा मारल्याचं कळलं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजतं सगळं, पण बोलता येत नाही, असं तुमच्या मुलानं फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहून ठेवते, कारण हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. मला वाटलं, आता जाता येईल.

चार महिने होऊ दिले. बरे होताय का ते बघितलं. होत नाही म्हटल्यावर मागच्या महिन्यात आले. काकूंनी तुम्हाला उशीला टेकवून बसवलं होतं. मला बघून तुमच्या घशातून कसला तरी आवाज आला. काकू म्हणाल्या, "तुलेच पाहून आनंद झाला त्यायले." मी त्यांना चहा करायला पाठवलं आणि खुर्ची जवळ ओढली. आणि बोलले. दशम्या, मागची रांग, पदरानं डोळे पुसणारी बाई, वेगळी काढलेली खोली, पाच वर्षं, सरण. काही सोडलं नाही. आवाज चढवला नाही. प्रत्येक वाक्यानंतर थांबले, म्हणजे तुम्हाला नीट पोचावं. तुम्ही डावा हात उचलायचा प्रयत्न केलात तेव्हा मी तो पुन्हा गादीवर ठेवला. तुमच्या एका डोळ्यातून धार लागली होती. काकू चहा घेऊन आल्या आणि पदरानं ती पुसत म्हणाल्या, "ते तसंच येते व, लकव्यापासून. मनावर नोको घेऊ." मी चहा प्यायले. निघताना पाया पडले.

त्यानंतर दहाव्या दिवशी तुम्ही गेलात.

शाळेत शोकसभा झाली, मी बोलले, ते सोडा. ते तुम्हाला आवडलं असतं. आज सकाळी काकूंकडे बसले होते. त्या म्हणाल्या, "तू येऊन गेली अन् दुसऱ्या दिवसापासून त्यायनं पेज घेतली नाही. तोंडच उघडे नाही. मी लोकायले सांगतो, तुह्यासाठीच जीव अडकला होता. तू भेटली, सुटले." त्यांनी माझा हात हातात घेतला. सुरकुतलेला, थंड हात, तुमची कूस बदलून बदलून मनगट सुजलेलं. "त्या दिवशी काय बोलली व त्यायच्यासंगं? मले चहाले धाडलं तुनं. सांग नं."

मी म्हटलं, "काही नाही काकू. सरांना सांगितलं, की आईला तुमचं भाषण फार आवडलं होतं."

काकू रडायला लागल्या. रडता रडता त्यांना हसू आलं. "तेवढंच पायजे होतं त्यायले," त्या म्हणाल्या. "दोन सालापासून तेवढंच विचारून राह्यले होते."

मला ठाऊक होतं, सर. म्हणूनच तेवढं सांगितलं नाही.